विश्रामबागेची पाठशाळा आणि तिचे मुख्य

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत ठेवलेल्या सरकारी हस्तलिखितसंग्रहाच्या याद्या ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांच्या नजरेस ‘विश्रामबाग’ हें नांव खचित आलें असेल. इतर बहुतेक संग्रह सालांवरून ओळखले जातात. अमुक सालीं ब्यूलर, कील्हॉर्न, पीटर्सन किंवा रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं सरकारासाठीं मिळविलेल्या पोथ्या, असा त्या आंकड्यांचा अर्थ. विश्रामबाग-संग्रहास साल नाहीं, स्थळ आहे. ह्या पोथ्या कोणा शोधकानें गांवोगांव हिंडून विकत घेतलेल्या नव्हत. त्या एका पाठशाळेच्या होत्या, आणि ती पाठशाळा बाजीराव रघुनाथाच्या विश्रामबाग वाड्यांत भरत असे.

पोथीचा संग्राहक पोथीचा कर्ता पाहतो, लेखनकाल पाहतो, कागद व लिपि पाहतो. परंतु ज्या घरांत ती वांचली त्या घराचा कारभार कोण हांकीत होता, हें तो सहसा विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच प्रश्न विचारणार आहों. राज्य पालटलें, राजाश्रयाचें रूप पालटलें, पुढें शिकविण्याची भाषा व शिकण्याचा हेतुही पालटला. अशा तीस-चाळीस वर्षांत त्या पाठशाळेच्या मुख्यस्थानीं जे बसले त्यांनीं हा पालट कसा पेलला, त्यांच्या हातून काय राहिलें आणि काय निसटलें, हें पाहण्याजोगें आहे. ह्या बाबतींत आमच्याकडे दोन ठराविक मतें चालत आलीं आहेत. एक, इंग्रजांनीं शास्त्र्यांची पाठशाळा मोडली. दुसरें, इंग्रजांनीं ती सुधारली. दोन्ही मतांत ‘इंग्रज’ हा एकच कर्ता कल्पिला आहे. वास्तविक हुकूम काढणारे निराळे, आणि तो हुकूम पंचवीस-तीस शास्त्र्यांच्या व शंभर विद्यार्थ्यांच्या गळीं उतरविणारा निराळा. आमचा रोख ह्या दुसऱ्यावर आहे.

मूळ दक्षिणेंत आहे. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा परिपाठ सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं घातला, आणि सन १७३१ त डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर तो पहिल्या बाजीरावानें आपल्याकडे घेतला, हें सर्वश्रुत आहे. पेशवाईच्या भरभराटींत हा खर्च कांहीं लाखांवर गेला. सन १८१७ च्या नोव्हेंबरांत पुणें इंग्रजांच्या हातीं आलें, तेव्हां एल्फिन्स्टनपुढें प्रश्न पडला कीं ही दक्षिणा बंद करावी कीं चालवावी. बंद करावी तर पुण्यांतील सारा विद्वान् वर्ग विरोधीं जाणार. होती तशी चालवावी तर पैका भोजनांत व गर्दींत जाणार. त्यानें पन्नास हजार रुपये राखून ठेविले आणि ते परीक्षा देणाऱ्या विद्वानांकडे वळविले. पुढें तो मुंबईस गव्हर्नर होऊन गेला आणि त्याच्या जागीं आलेल्या चॅप्लिन कमिशनरानें ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत पाठशाळा उघडली. तिला इंग्रजी दप्तरांत ‘हिंदु कॉलेज’ म्हटलें आहे. खर्च सालिना सुमारें १५,२५० रुपये, विद्यार्थी शंभर, वर्ग दहा. त्यांत वेदांचे तीन, आणि वैद्यक, वेदान्त, गणित-ज्योतिष, धर्मशास्त्र, न्याय, अलंकार व व्याकरण यांचा प्रत्येकीं एक. विद्यार्थ्यांस वेतन मिळे. मुख्य म्हणून राघवाचार्य यांची नेमणूक झाली.

ह्या योजनेचा हेतु चॅप्लिननें दुहेरी सांगितला होता. हिंदु विद्येच्या उपयुक्त भागांस उत्तेजन द्यावें हा एक, आणि नव्या प्रजेस जितकें घेववेल व घ्यावेसें वाटेल तितकें युरोपांतील ज्ञान हळूहळू द्यावें हा दुसरा. पहिला हेतु राघवाचार्यांच्या अधिकारांतला होता. दुसरा कसा साधावा हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं, साधन दिलें नाहीं, आणि तो साधण्याची इच्छा त्यांच्या ठायीं असण्याचें कारणही नव्हतें. त्यांचें मुख्यपण जुन्या अर्थाचें होतें. जुना पाठशालाध्यक्ष हा व्यवस्थापक नसून श्रेष्ठ विद्वान् असे. वादांत निर्णय देणें, परीक्षेंत पंक्ति लावण्यास सांगणें, आणि आपल्या आचरणानें मर्यादा राखणें एवढेंच त्याचें काम. अशा मुख्याच्या हाताखालीं परंपरा निर्वेध चालते. परंतु ती वळविण्याचें काम त्याच्याकडे दिलेलेंच नसतें. पुढें दहा-पंधरा वर्षांनीं सरकारी अधिकारी कुरकुर करूं लागले कीं ह्या पाठशाळेंत जुने ग्रहच दृढ होतात, नवें कांहीं शिरत नाहीं. ही तक्रार खरी असली तरी तिचा दोष राघवाचार्यांच्या माथीं मारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ज्या कामास मनुष्य नेमिला तें त्यानें केलें. शंभर विद्यार्थी, दहा वर्ग आणि पोथ्या हीं त्यानें राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीनंतर एका छपराखालीं टिकवून धरलीं, आणि तीं टिकलीं म्हणूनच पुढच्यास पालटण्याजोगें कांहीं उरलें.

हा पुढचा म्हणजे टॉमस कँडी. जन्म १८०४ चा, इंग्लंडांतला. १८२२ त हिंदुस्थानांत आला. कंपनीच्या फौजेंतला अधिकारी, म्हणून आमच्या जुन्या लोकांच्या तोंडीं तो कायमचा ‘मेजर कँडी’ राहिला. त्याचा जुळा भाऊ जॉर्ज आणि तो असे दोघे मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामीं होते. १८२५ पासून सहा वर्षें चाललेला तो उद्योग १८३१ त छापून निघाला. ह्या कोशाचें श्रेय साहेबांस देतांना एक गोष्ट विसरली जाते कीं शब्द गोळा करणारे, त्यांचे अर्थ फोडून सांगणारे आणि ‘हा शब्द कोंकणांतला, हा देशावरचा’ म्हणून निवाडा करणारे ब्राह्मण पंडित होते. परशुराम बल्लाळ गोडबोले, ज्यांचें ‘नवनीत’ १८५४ त निघालें, ते ह्याच मंडळींतले. कँडीनें शास्त्री-पंडितांबरोबर काम करण्याचा पहिला धडा घेतला तो येथें; आणि तोही अधिकारी म्हणून नव्हे, शिकणारा म्हणून. १८३७ त तो विश्रामबागेच्या पाठशाळेवर सुपरिंटेंडेंट नेमला गेला तेव्हां पुण्याच्या शास्त्र्यांपुढें उभा राहिलेला साहेब त्यांच्याशीं त्यांच्या भाषेंत बोलणारा होता. ही गोष्ट लहान नाहीं. पुढची वीस वर्षें जें झालें त्याचें बीज आम्हांस येथें दिसतें.

त्याच साली पाठशाळेच्या अभ्यासांत फेरफार झाले. कांहीं शाखा बदलल्या आणि मराठीचा अभ्यास नव्यानें घातला गेला. संस्कृत पाठशाळेंत मराठी, ही त्या वेळच्या शास्त्र्यांस थट्टाच वाटली असली पाहिजे. प्राकृत ती काय शिकावयाची? घरांत बोलतों तीच ना? पण कँडीची ह्या बाबतींतील धारणा पक्की होती, आणि १८४० च्या सुमारास त्यानें ती सरकारास स्पष्ट लिहून कळविली. तिचा आशय असा कीं, नवें ज्ञान इंग्रजींतून काढावें. लोकांस तें द्यावें मराठींतून. आणि मराठीस तें वाहण्याचें बळ व शोभा यावी म्हणून संस्कृताच्या भांडारांतून मुक्त हस्तें घ्यावें. इंग्रजी हा झरा, मराठी हा पाट, असें आम्ही त्याचें रूपक करूं. ज्यास तिन्ही भाषा येतात असा एक एतद्देशीय मनुष्य आपल्या देशबांधवांचें अपरिमित हित करूं शकेल, असें त्याचें म्हणणें होतें.

ह्या योजनेंतील कुशलता वाचकांनीं लक्षांत घ्यावी. जुन्या शास्त्र्यास ‘तुझी विद्या निरुपयोगी’ असें ती म्हणत नाहीं. त्यास एक काम देते. इंग्रजींतील पदार्थविज्ञान, न्यायनीति, कायदे यांस मराठी नांवें हवीं आहेत. तीं संस्कृतांतून कोण काढून देणार? धातु, प्रत्यय, समास ज्याच्या जिभेवर आहेत तोच. १८४० नंतर मोल्सवर्थचें इंग्रजी-मराठी कोशाचें अपुरें काम कँडीनें अंगावर घेतलें आणि १८४७ त तो कोश पुरा करून छापला. पाठशाळेचा कारभार व कोशाचें काम हीं एकाच मनुष्याच्या हातीं एकाच काळांत असणें हा नुसता योगायोग मानतां येत नाहीं. पालटाच्या काळीं मुख्याची खरी कसोटी हीच असते कीं, ज्यांचें महत्त्व कमी होणार आहे त्यांस तो कोठें बसवितो. कित्येक मुख्य त्यांस निवृत्त करितात, कित्येक त्यांच्या तोंडापुढें नवा हुकूम धरितात. कँडीनें त्यांस कामास लाविलें.

जुन्या कागदांचा ज्यांस सराव आहे त्यांच्यासाठीं येथें एक लहानशी गोष्ट नमूद करतों. मराठींत स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम इत्यादि चिन्हें रूढ करण्याचें श्रेय कँडीकडे जातें. १८५० त ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका त्यानें काढली. पोथ्यांत दंड, दोन दंड, फार तर फूल. दप्तरी मोडींत तेंही नाहीं. तेव्हां एखाद्या घरगुती बाडांत शिस्तवार स्वल्पविराम दिसूं लागले म्हणजे लेखक सरकारी शाळेच्या छायेंतून गेलेला आहे एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं. पाठशाळेच्या वाड्यांत झालेला पालट असा कागदावर ठिपक्यांच्या रूपानें उतरलेला आहे.

परंतु हें चित्र एकांगी होऊं नये. भाषांतरखात्याचा मुख्य ह्या नात्यानें शाळांसाठीं निघणारें प्रत्येक मराठी पुस्तक कँडीच्या हाताखालून जाऊं लागलें, आणि ज्या हातानें मराठी गद्यास शिस्त लाविली त्याच हातानें त्यास इंग्रजी वळणाचा ताठपणाही दिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून ‘निबंधमालें’त ज्या कृत्रिम मराठीवर कोरडे ओढले ती बव्हंशीं ह्याच शिस्तींतून निघालेली. गंमत अशी कीं विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री हे ह्या पाठशाळेचें सर्वांत उत्तम फळ. १८२४ त जन्मलेले कृष्णशास्त्री विश्रामबागेंत न्याय, अलंकार, व्याकरण पढले. मोठेपणीं इंग्रजीकडे वळले. पुढें त्याच संस्थेंत शिकविण्यास राहिले. १८५२ त ‘विचारलहरी’ काढली, १८६१ त ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ लिहिला. कँडीनें कागदावर कल्पिलेला त्रैभाषिक मनुष्य तो हा. एका संस्थेच्या मुख्यानें एक पिढी आधीं ज्या मनुष्याचें वर्णन लिहून ठेवावें आणि तो मनुष्य त्याच्याच वाड्यांतून बाहेर पडावा, असें फार वेळां घडत नाहीं.

आतां कँडीच्या मुख्यपणाची दुसरी, अधिक अवघड बाजू. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें माध्यमाचा मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे. कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. कँडीचें मत कोणत्या बाजूस होतें तें वर आलेंच आहे. इकडे पुण्यांतही आंतून चळवळ सुरू झाली होती. १८४९ त गोपाळ हरि देशमुख (लोकहितवादी) आदि मंडळींनीं सरकारास अर्ज केला कीं दक्षिणेचा पैसा केवळ संस्कृत शास्त्र्यांस न देतां मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थही लावावा. पुण्यांत ह्या अर्जावरून जो गहजब झाला तो प्रसिद्ध आहे. सरकारनें अर्जाची बाजू मानली आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं, ता. ७ जून १८५१ रोजीं, विश्रामबागेची संस्कृत पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एक करण्यांत येऊन ‘पूना कॉलेज’ निर्माण झालें. मुख्य कँडीच.

म्हणजे ज्या मनुष्याचा आग्रह मराठी माध्यमाचा, त्याच्याच हातून इंग्रजी ज्यांत वरचढ होणार अशी संस्था उभी करविण्यांत आली. आम्हांस येथें कँडीची थोरवी व मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. त्यानें राजीनामा दिला नाहीं. नव्या कॉलेजांत मराठीस व शिक्षक तयार करण्याच्या वर्गास जागा ठेवविली. शास्त्र्यांस वाऱ्यावर सोडलें नाहीं. पण दहा वर्गांची जुनी मांडणी गेली ती गेलीच. एका गुरूपुढें एक ग्रंथ वर्षानुवर्षें लावीत बसणारा विद्यार्थी जाऊन घटकेगणिक विषय बदलणारा विद्यार्थी आला, आणि संस्कृत ही विद्या न राहतां एक विषय झाली. १८५७ त कँडी मुख्यपदावरून मोकळा होऊन भाषांतराच्या कामास लागला. त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच्या वरच्या परीक्षांतून मराठी लौकरच वगळली गेली. ती परत आणण्याची न्यायमूर्ति रानड्यांची खटपट १९०१ त त्यांच्या मृत्यूपर्यंत चालली होती. पाट बांधला, झरा जोडला, आणि वरच्यांनीं पाण्याचें तोंड दुसरीकडे वळविलें. ह्याचा दोष मुख्याकडे किती, हा प्रश्न आम्ही मोकळा ठेवतों. मात्र जो मुख्य आपल्या मताविरुद्धचा हुकूम निमूटपणें उत्तम रीतीनें अमलांत आणतो, त्याच्या मताचें बळ वरिष्ठांस कधींच जाणवत नाहीं, हेंही खरें.

ह्या ठिकाणीं पुण्याबाहेर पाहणें अवश्य आहे. कारण ह्याच काळांत, सरकारी पैशानें चालणाऱ्या संस्कृत पाठशाळेंत हाच पालट घडविण्याचें काम काशी व कलकत्ता येथील मुख्यांकडेही आलें होतें, आणि त्यांनीं तें अगदीं भिन्न रीतीनें केलें. तुलनेवांचून कँडीची रीत नीट उमगत नाहीं.

काशीची पाठशाळा सर्वांत जुनी. जोनाथन डंकन यानें १७९१ त स्थापिलेली. तिचे पहिले मुख्य काशीनाथ पंडित यांस १८०१ त पैशाच्या गैरव्यवहारावरून काढावें लागलें. विद्वान् म्हणून नेमलेल्यास हिशेबनीस करण्याची चूक तेथें प्रथम झाली. १८४६ पासून १८६१ पर्यंत तेथें डॉ. जेम्स बॅलंटाईन मुख्य होता. हा स्वतः संस्कृताचा जाणकार. लघुकौमुदी त्यानें इंग्रजीसह छापली, महाभाष्याचा आरंभीचा भाग प्रसिद्ध केला. त्याची रीत वादाची होती. पंडितास पटवून द्यावयाचें तर त्याच्याच परिभाषेंत, त्याच्याच न्यायसूत्रांच्या मांडणीनें पाश्चात्य शास्त्र त्याच्यापुढें ठेवावें. त्याच्या हाताखालीं विठ्ठलशास्त्री यांनीं बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गनम’चें विवरण संस्कृतांत केलें, तें १८५२ चें. आमच्या वाचकांस अभिमान वाटेल अशी गोष्ट म्हणजे ह्याच पाठशाळेंत बापूदेवशास्त्री गणित शिकवीत होते. हे महाराष्ट्र ब्राह्मण; नागपुरास शिकले; सिहोरच्या लॅन्सलॉट विल्किन्सननें त्यांस हेरलें; काशीस येऊन त्यांनीं हिंदींत बीजगणित लिहिलें आणि १८६१ त सूर्यसिद्धान्ताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. बॅलंटाईनच्या रीतीनें असे थोडे पण तेजस्वी विद्वान् निघाले. त्या रीतीचा परीघ मात्र पंडितवर्गापुरताच राहिला. बॅलंटाईन पंडिताशीं बोलत होता. पंडितानें पुढें कोणाशीं बोलावें हा विचार त्याच्या योजनेंत दुय्यम.

कलकत्त्यास याच्या उलट. तेथील संस्कृत कॉलेज १८२४ चें. १८५१ च्या जानेवारींत ईश्वरचंद्र विद्यासागर तेथें प्रिन्सिपाल झाले, तेव्हां ते तिशीचे होते. त्याच कॉलेजांत १८२९ पासून बारा वर्षें ते शिकले. १८४६ त असिस्टंट सेक्रेटरी होऊन त्यांनीं सुधारणेची योजना मांडली. वरिष्ठ सेक्रेटरीनें ती चालूं दिली नाहीं तेव्हां १८४७ त राजीनामा देऊन बाहेर पडले. हा राजीनामा आम्ही मुद्दाम सांगतों. मुख्य होण्यापूर्वींच त्यांनीं दाखवून दिलें कीं हातीं अधिकार असल्यावांचून जबाबदारी घेणार नाहीं. परत आले ते पूर्ण अधिकार घेऊन, आणि मग त्यांनीं जो सपाटा लाविला तो पाहून आश्चर्य वाटतें. प्रतिपदा-अष्टमीचा अनध्याय बंद, रविवारची सुट्टी सुरू, फी सुरू, हजेरीची शिस्त. ब्राह्मण व वैद्य यांखेरीज कोणास प्रवेश नसे, तेथें १८५१ त कायस्थांस आणि १८५४ त सर्व प्रतिष्ठित हिंदूंस दार उघडलें. आणि ‘मुग्धबोध’ घोकण्यांत मुलांचीं कोवळीं वर्षें जातात म्हणून स्वतः बंगालींत ‘उपक्रमणिका’ व ‘व्याकरणकौमुदी’ लिहून ती अडचणच काढून टाकली. पुस्तक बंद करणारा मुख्य आणि त्याच्या जागीं चांगलें पुस्तक लिहून देणारा मुख्य, यांत अंतर आहे.

१८५३ त बॅलंटाईनास कलकत्त्याचें कॉलेज पाहून मत देण्यास सांगितलें गेलें. त्यानें एक भीति व्यक्त केली कीं, एकाच विद्यार्थ्यास संस्कृत दर्शनें व इंग्रजी तत्त्वज्ञान वेगवेगळीं शिकविलीं तर सत्य द्विविध आहे असें त्यास वाटेल. म्हणून दोहोंचा मेळ दाखविणारीं पुस्तकें लावावीं. विद्यासागरांनीं सप्टेंबरांत दिलेलें उत्तर सडेतोड आहे. ज्यास विषय खरोखर समजला त्यास सत्य दोन वाटणार नाहीं. मिल शिकवावयाचा तर मिलचा ग्रंथच शिकवूं, त्याचा सारांश नको. आणि जुन्या पंडितांची मनें वळविण्याच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं, बंगाली भाषेंत सामान्य लोकांस शिकवितील असे शिक्षक ह्या कॉलेजांतून काढूं द्या, असा त्याचा मथितार्थ. स्वतः पंडितांत वाढलेल्या मनुष्यानें पंडितांची मर्जी राखण्याची गरज नाहीं असें म्हणावें, आणि परक्या साहेबानें ती राखण्यासाठीं धडपडावें, हा विरोध विचार करण्याजोगा आहे. घरच्यास घरांतल्या भिंतींपैकीं कोणती पाडली तर छत येत नाहीं हें ठाऊक असतें. पाहुणा प्रत्येक भिंत चांचपत चालतो.

ह्या दृष्टीनें कँडी दोघांच्या मध्यें पडतो. लोकभाषेच्या बाबतींत तो विद्यासागरांच्या बाजूचा, शास्त्र्यांच्या बाबतींत बॅलंटाईनच्या. वेग त्याच्याजवळ नव्हता. विद्यासागरांनीं सात वर्षांत केलें त्याचा निम्मा भाग पुण्यास वीस वर्षांत झाला. पण विद्यासागर १८५८ त शिक्षणाधिकाऱ्यांशीं न पटून नोकरी सोडून गेले. मुलींच्या ज्या शाळा त्यांनीं सरकारच्या भरंवशावर उघडल्या त्यांच्या खर्चाचा वाद त्यांत होता. कँडी मात्र १८७७ त मरेपर्यंत मराठीच्या कामांत राहिला. एकाच्या ठायीं तेज अधिक, दुसऱ्याच्या ठायीं चिकाटी अधिक. मुख्यपदास कोणता गुण अधिक लागतो हें प्रसंगावर अवलंबून आहे, आणि पुण्यासारख्या, पेशवाई डोळ्यांदेखत बुडालेल्या गांवीं १८३७ त विद्यासागरी सपाटा चालला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

कँडीमागून आलेले मुख्य आमच्या विषयापुरते थोडक्यांत सांगतां येतील. एडविन अर्नोल्ड १८५७ त पंचवीस वर्षांचा असतां आला, १८६१ त परत गेला. हितोपदेशाचें इंग्रजी रूपांतर हें त्याच्या पुण्यांतील वास्तव्याचें फळ. ‘लाइट ऑफ एशिया’ची कीर्ति पुढची, १८७९ ची. त्यानें पुण्यापासून घेतलें पुष्कळ; चार वर्षांत देतां येणार तें किती? १८५९ पासून मार्टिन हौग व १८६६ पासून कील्हॉर्न हे संस्कृतास लाभले, आणि येथें जुन्या पाठशाळेचा धागा पुन्हा वर येतो. कील्हॉर्नच्या महाभाष्याच्या आवृत्तीस जगांत मान आहे. परंतु तो पुण्यास महाभाष्य ज्यांच्यापाशीं बसून पढला ते अनंतशास्त्री पेंढारकर होते. शास्त्र्यास काम देण्याची कँडीची रीत मुख्य बदलले तरी संस्थेच्या अंगीं मुरली होती, असें आम्ही ह्यावरून समजतों. १८६४ च्या आक्टोबरांत नव्या इमारतीची कोनशिला बसली, सर जमशेटजी जीजीभाईंची एक लाखाची देणगी तीस लाभली, आणि ता. २३ मार्च १८६८ रोजीं येरवड्याजवळील त्या इमारतींत गेल्यावर ‘डेक्कन कॉलेज’ हें नांव पडलें. विश्रामबागेचा आणि त्या संस्थेचा संबंध तुटला. १८७९ च्या मे महिन्यांत लागलेल्या आगींत बुधवारवाडा नष्ट झाला, विश्रामबागेचाही कांहीं भाग जळाला. सरकारनें जमविलेल्या पोथ्या पुढें डेक्कन कॉलेजांत राहिल्या व १९१८ त भांडारकर संस्थेकडे आल्या. विश्रामबागेच्या पोथ्याही त्यांत आल्या.

ह्या पोथ्या हाताळणाऱ्या विद्वानांस आमची एक विनंति आहे. त्यांतील ग्रंथांचें वर्णन झालेलें आहे. परंतु पुठ्ठ्यावरील, वेष्टनावरील व पहिल्या-शेवटच्या पृष्ठांच्या मोकळ्या बाजूवरील किरकोळ नोंदी, म्हणजे कोणा विद्यार्थ्याचें नांव, वर्ग, पोथी नेल्याची वा परत दिल्याची मिति, ह्या ग्रंथवर्णनांत सहसा उतरत नाहींत. १८२१ ते १८५१ ह्या तीस वर्षांत कोणत्या वर्गाच्या पोथ्या अधिक फिरल्या आणि कोणत्या दप्तरांत निजून राहिल्या, हें त्या नोंदींवरूनच समजेल. आणि कँडीच्या फेरफारांचा खरा परिणाम सरकारी अहवालांपेक्षां तेथें अधिक विश्वसनीय सांपडेल. त्याचप्रमाणें पुणें, वाई, सातारा, नाशिक येथील ज्या शास्त्री घराण्यांत दक्षिणेच्या पावत्या, परीक्षेच्या याद्या किंवा पाठशाळेच्या वेतनाच्या चिठ्ठ्या असतील त्यांनीं त्या रद्दींत न देतां नकल करून मंडळाकडे पाठवाव्या. मूळ कागद त्यांच्याजवळच राहील.